दाणा भरला नाही

उपाध्ये साहेबांनी सूक्ष्मदर्शकावरून मान वर केली, कपाळावर सरकवलेला चष्मा खाली घेतला आणि मला म्हणाले, "पद्मजा, तूच बघ. मला तर एकही दिसत नाही."

मी बघितलं. काचेवर जिवाणू खच्चून भरले होते. लांबट, गुबगुबीत, खाऊन-पिऊन सुखी. पण एकाच्याही पोटात तो चमकणारा दाणा नव्हता. मी काच इकडे सरकवली, तिकडे सरकवली. सरकवून काही होणार नव्हतं.

"ही तिसरी बॅच," साहेब म्हणाले.

"हो सर."

"मारुतरावांना बोलाव."

ही सत्त्याण्णव सालची गोष्ट. मी एम.एस्सी. होऊन कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या या छोट्या कारखान्यात लागले होते. प्रयोगशाळेची प्रमुख मी, आणि प्रयोगशाळेतली एकमेव व्यक्तीही मीच. कोल्हापूरच्या विद्यापीठात पहिली आले होते, त्यामुळे जगात मला न कळणारं फारसं काही उरलेलं नाही असा माझा समज होता. साहेबांची आणि माझ्या वडिलांची ओळख कुंभोजच्या शाळेपासूनची, म्हणून ते मला अगंतुगं करत.

आम्ही कोंबड्यांच्या खाद्यात मिसळायची पावडर बनवत होतो. पावडर म्हणजे वाळवलेले चांगले जिवाणू. ते कोंबडीच्या आतड्यात जाऊन राहिले की तिला हगवण लागत नाही. अडचण एवढीच, की खाद्याच्या गिरणीत सगळा माल पंच्याऐंशी अंश वाफेतून जातो. साधा जिवाणू तिथे मरतो. ज्यानं आपल्याभोवती टणक कवच करून आत झोप काढलेली असते, तोच तगतो आणि कोंबडीच्या पोटात गेल्यावर जागा होतो. या कवचातल्या जिवाला शास्त्रात बीजाणू म्हणतात. कारखान्यात हा शब्द माझ्याशिवाय कोणी वापरत नसे. सगळे दाणा म्हणत. दाणा भरला तर बॅच विकायची, नाही भरला तर गटारात सोडायची.

मारुतराव ऐनापुरे पंच्याने हात पुसत आत आले. आम्ही त्यांना मारुतीमामा म्हणत असू. वय चौपन्न, चौथी शिकलेले, आणि बारा वर्षं कारखान्याच्या मोठ्या टाकीवर. टाकीत जिवाणू घालण्यापासून ते वाळवायला काढण्यापर्यंत सगळं त्यांच्या हाती. झाकणाजवळ नाक नेऊन वास घ्यायचे, काचेतून फेस बघायचे आणि मनात आलं की ग्लुकोजचा नळ बंद करायचे. कधी अठराव्या तासाला, कधी विसाव्या. का, म्हणून विचारलं की म्हणायचे, "पोट भरल्यालं कशाला दाणा धरंल? जरा उपाशी ठेवाय लागतंय." यात शास्त्र बरोबर होतं. अन्न संपत आलं की जिवाणू कवच करायला घेतो. फक्त मामांना ते कोणी शिकवलेलं नव्हतं.

"मारुतराव," साहेब म्हणाले, "जिवाणू तोच, टाकी तीच. मधे पद्मजानं पेप्टोन वाढवून बघितलं होतं, पण मागच्या दोन बॅचना आपला जुनाच फॉर्म्युला होता. मग बदललं काय?"

"काय सांगू साहेब. पीक तर लई जोरात येतंय."

"ते दिसतंय मला. दाणा कुठे आहे?"

मामा पंच्याची घडी उलगडून परत घालू लागले.

"बारा वर्षांत असं झालं नाही. तुम्हाला काही बरं-बिरं नाही का? घरचं काही?"

"न्हाई साहेब."

"मग बघा काय ते. उद्या चौथी बॅच लावू. तीही अशीच गेली तर मला टाकीवर दुसरा माणूस बघावा लागेल. गिरणीवाल्यांना मी आणखी किती दिवस थांबवू?"

साहेब वाईट नव्हते. आवाजसुद्धा चढवला नव्हता. मामांनी मान डोलावली आणि ज्या पंच्याने हात पुसत आले होते त्याच पंच्याने चेहरा पुसत बाहेर गेले.

मला काय वाटलं ते सांगून टाकते. मला हायसं वाटलं. पहिली बॅच गेली तेव्हा मी घाबरले होते, कारण त्या बॅचला मी साहेबांच्या मागे लागून पेप्टोन दीडपट केलं होतं. पेप्टोन म्हणजे दुधातल्या प्रथिनांचं चूर्ण, जिवाणूंचा खुराक. खुराक वाढला, जिवाणू वाढले, आणि दाणा गेला. मामा तेव्हा म्हणाले होते, "मॅडम, युरिया जास्त झाला की जोंधळा माजतोय, तसं झालंय." मला राग आला होता, पण पटलंही होतं. मी निमूटपणे जुन्या मापावर परत आले. तरीही दुसरी आणि तिसरी बॅच गेली. म्हणजे दोष माझ्या पेप्टोनचा नव्हता. मी सुटले होते.

संध्याकाळी निघण्यापूर्वी टाकीकडे गेले. मामा उपड्या बादलीवर बसून टाकी धुवायची नळी गुंडाळत होते.

"मामा, तुम्हाला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय मॅडम. माझा हात गेला."

"हात जातो कसा?"

"जातोय की. आमच्या गावात एक लव्हार हुता. कोयत्याला पानी द्यायचा तर त्याच्यासारखा न्हवता. एक दिवस कोयतं वाकाय लागलं. त्येचं त्येला कळंना का म्हणून. तसं असतंय." नळी गुंडाळून झाली होती, ती त्यांनी सोडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. "मला वास येतोय तसाच येतोय. फेस दिसतोय तसाच दिसतोय. पर आता मला त्येची खात्री न्हाई. नळ बंद करताना वाटतंय, लवकर का उशीर? आदी कवा असं वाटलं न्हाई."

"एक बॅच आहे अजून," मी म्हटलं.

"हाय की," मामा म्हणाले, आणि लगेच, जणू आधीचं बोलणं झालंच नव्हतं असं, "ते ऱ्हाऊ द्या मॅडम. हौदात परत किडं दिसाय लागल्यात. शेवाळ बी धरलंय. थोडं लाल औषध टाकू का?"

मी नेहमीप्रमाणे नाही म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

हौद म्हणजे कारखान्यामागची सिमेंटची पाण्याची टाकी. कूपनलिकेचं पाणी तिथे साठायचं आणि तिथून मोठ्या टाकीत जायचं. मी कामाला लागले त्या आठवड्यात हौद आतून बघितला, तर भिंतींवर विटकरी-काळा थर बसलेला. विचारलं हे काय, तर मामा म्हणाले, "दर सोमवारी लाल औषध टाकतोय. पान्यात किडं हुत न्हाईत. आमच्या गावात हिरीत टाकत्यात तसंच." मी म्हणाले होते, "मामा, ही गावची विहीर नाही. इथे जिवाणू वाढवतो आपण." दोन माणसं लावून, ॲसिड टाकून, ब्रशनं घासून हौद पांढराशुभ्र करून घेतला होता. लाल औषधाची पुडी कचऱ्यात टाकली होती. साहेबांनी येऊन बघितलं आणि म्हणाले, "याला म्हणतात शिकलेलं माणूस." मला तो दिवस फार आवडला होता.

लाल औषध म्हणजे पोटॅशियम परमँगनेट. त्यात मँगनीज असतं. आणि मँगनीज मिळालं नाही तर हा जिवाणू वाढतो, फुगतो, पण कवच करू शकत नाही. हे मी पुस्तकात वाचलं होतं. परीक्षेत लिहिलं होतं, पूर्ण गुण मिळाले होते.

"मॅडम? टाकू?"

"नको," मी म्हणाले. "मला थोडं औषध आणून द्या फक्त. प्रयोगशाळेत हवंय."

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, संध्याकाळी मामांनी चौथी बॅच लावली. मी माझ्या टेबलावर तीन चंबू लावले. तिन्हींत साहेबांचाच फॉर्म्युला, हौदाचंच पाणी. पहिल्यात आणखी काही नाही. दुसऱ्यात लाल औषधाचे दोन कण. तिसऱ्यात हौदाच्या जुन्या नळाच्या तोंडावरून खरवडलेला तो विटकरी थर, चिमूटभर. नळ घासायचा राहून गेला होता, म्हणून तेवढा उरला होता.

एक गोष्ट इथे मान्य करायला हवी. मंगळवारी मी तेच औषध मोठ्या टाकीतही टाकू शकले असते. चमचाभर औषध पुरलं असतं. पण मला आधी पुरावा हवा होता. प्रयोगाशिवाय बोलायचं नाही असं आम्हाला शिकवलं होतं, आणि ते शिक्षण त्या दिवशी मला फार सोयीचं वाटलं. पुरावा मिळेपर्यंत मला कोणालाच काही सांगावं लागणार नव्हतं.

दोन दिवस मामा टाकीजवळून हलले नाहीत. डबासुद्धा तिथेच खाल्ला. बुधवारी दुपारी मी तिथून जात होते तेव्हा त्यांचा हात नळावर होता आणि नळ बंद होत नव्हता. फिरवायचे, थांबायचे, वास घ्यायचे, परत उघडायचे. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

गुरुवारी सकाळी चौथी बॅच बघितली. दाणा नव्हता.

मग चंबू बघितले. पहिल्यात दाणा नव्हता. दुसऱ्यात काच भरून दाणेच दाणे. तिसऱ्यातही. मी तीन वेळा मोजले.

दोन चंबू घेऊन मी साहेबांच्या खोलीत गेले आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. हौद, ॲसिड, ब्रश, पुडी. काही वगळलं नाही. साहेबांनी ऐकून घेतलं. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांच्या फॉर्म्युल्याला मिळालेलं कुठल्याशा संस्थेचं प्रमाणपत्र लावलेलं होतं. ते वळून त्याच्याकडे बघत बसले.

"म्हणजे बारा वर्षं मी जो फॉर्म्युला माझा म्हणून मिरवतोय, तो एकट्यानं चालतच नव्हता," ते म्हणाले.

"तसं नाही सर. त्यात मँगनीज तेवढं नव्हतं. दूध-ग्लुकोजमधून ते फारसं येत नाही. ते हौदातून येत होतं. ग्लुकोजबरोबर उकळलं की त्या थरातलं मँगनीज पाण्यात उतरतं."

"आणि ते मारुतराव टाकत होते. किड्यांसाठी."

"हो."

साहेब हसले. त्या हसण्यात आनंद नव्हता. मग ते सरळ बसले आणि त्यांच्यातला कारखानदार जागा झाला. "लाल औषध वगैरे नको. मँगनीज सल्फेट मागव, मोजून घालू. आणि सगळं लिहून काढ. किती तासांनी ग्लुकोज बंद करायचं, किती अंश, किती हवा. कोणीही वाचून टाकी चालवू शकेल असं पाहिजे. एका माणसाच्या नाकावर कारखाना चालवणं बरं नाही, हे मला कधीचं वाटत होतं."

"मी मामांना बोलावते," मी म्हटलं. "त्यांना सांगायला हवं. ते उगीचच स्वतःला..."

"त्यांनी आज सकाळी राजीनामा दिलाय."

मी चंबू टेबलावर ठेवले.

"मी मागितला नव्हता. स्वतःहून दिला. म्हणाले, आता मला जमंना."

"पण सर, चूक त्यांची नव्हती. माझी होती."

"मग ते मी सगळ्यांना सांगू? गिरणीवाल्यांना सांगू, की बारा वर्षं तुमच्या मालात काय पडत होतं ते आम्हालाच माहीत नव्हतं?" ते शांतपणे बोलत होते. "हे बघ पद्मजा. त्यांचं वय झालंय. मानानं जाऊ देत. शाल देऊ, नारळ देऊ, चार शब्द बोलू. तू तुझं काम कर. पुढच्या महिन्यात मी तुला कायम करतोय."

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी "बरं सर" म्हणाले.

शनिवारी दुपारी पॅकिंगच्या खोलीत निरोप समारंभ झाला. वीस-बावीस माणसं. साहेब चांगलं बोलले. मग मामांना बोलायला लावलं. ते शाल सावरत उभे राहिले आणि म्हणाले, "मला बोलाय येत न्हाई. बारा वर्सं ह्या टाकीनं माझं ऐकलं. शेवटी शेवटी माझ्याकडनं चार बॅची गेल्या. मालकांनी पोटात घातलं. पोरांनो, डोळं-हात चांगलं हायत तवर करा. पुडं धरून बसू नगा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते. मीही वाजवल्या.

मँगनीज सल्फेट आलं. त्यानंतरची पहिली बॅच निघाली तेव्हा साहेब स्वतः प्रयोगशाळेत आले. दाणा होता. मी मोजलं. शंभरातल्या ब्याऐंशी जिवाणूंनी दाणा धरला होता. गिरणीवाल्यांना पंच्याहत्तर चालत. साहेब खूश झाले, पेढे आले.

दुसरी बॅच ऐंशी. तिसरी त्र्याऐंशी. मामांच्या वेळची नोंद मी काढून बघितली. शंभरात पंच्याण्णव, शहाण्णव, क्वचित चौऱ्याण्णव. मला वाटलं मँगनीज कमी पडतंय. वाढवलं, फरक पडला नाही. परत लाल औषधच घालून बघितलं, तरी ब्याऐंशी. तापमान अर्ध्या-अर्ध्या अंशानं हलवलं. ग्लुकोज सतराव्या तासाला बंद करून बघितलं, अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या. एखादी बॅच पंच्याऐंशीला जायची, पुढची परत खाली यायची. प्रत्येक बॅचचा तास वेगळा होता आणि तो कुठला, हे माझ्या घड्याळाला कळत नव्हतं.

"पुरे आता," साहेब म्हणाले. "ब्याऐंशीला काय धाड भरलीय?"

मी कायम झाले. टाकी कशी चालवायची त्याची माझी वीस पानांची पुस्तिका तयार झाली. तिच्यावर माझं नाव होतं. तिच्यात शेवटी लिहिलं होतं, 'पूर्वीइतकेच उत्पादन मिळते.' गिरणीवाल्यांच्या हिशेबात ते खोटं नव्हतं.

दोन महिन्यांनी एका रविवारी मी बामणोलीला, मामांच्या घरी गेले. मधल्या काळात झोप लागत नव्हती असं नाही. लागत होती. पण त्यांचं ते "माझा हात गेला" कानातून जात नव्हतं, आणि हात गेला नव्हता हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं.

मामा अंगणात बसून स्टोव्हचा पंप दुरुस्त करत होते. मला बघून उठले. त्यांच्या बायकोनं, इंदुबाईंनी, खाट झटकली.

"बसा की. बरं झालं आलासा. तुमीच सांगा आता ह्यास्नी," इंदुबाई म्हणाल्या. "शिरोळला नवा कारखाना झालाय न्हवं, तुमच्यासारखाच. तितला माणूस दोनदा येऊन गेला. टाकीवर या म्हणतोय. उद्या येणार हाय परत, काय ते सांगा म्हणून. आन हे नुसतं बसल्यात."

"गप की गं," मामा म्हणाले. "मॅडमना च्या टाक."

"टाकते. पर इचारा त्यांला. शिकल्याल्या हायत."

मी चहाची वाट बघितली नाही. थांबले असते तर परत गेले असते. हौदाचं सांगितलं. लाल औषधात काय असतं ते सांगितलं. मी ते घासून काढलं, पुडी फेकली, म्हणून चारही बॅचमध्ये दाणा भरला नाही. तुमचा काही दोष नव्हता. तुम्ही सगळं बरोबर केलंत. मला हे तुम्ही जायच्या दोन दिवस आधी कळलं होतं आणि मी बोलले नाही.

मामा पंपाच्या चामड्याच्या वाटीकडे बघत होते. इंदुबाई दारात उभ्या होत्या.

"मिरजंला जाऊन आलं हे," त्या म्हणाल्या. "डोळं दावलं, नाक दावलं. डाक्टर म्हणला कायबी झाल्यालं न्हाई. ह्यांचा इस्वास बसंना. दुधाला वास मारतोय का ते बी मला इचारत्यात आता. आन तुमाला ठावं हुतं."

"हो," मी म्हणाले.

"इंदे, च्या," मामा म्हणाले. त्या आत गेल्या. आत भांडं जोरात आपटल्याचा आवाज आला.

मामांना राग आला नव्हता. ते विचार करत होते, आणि चेहरा हळूहळू मोकळा होत होता. मी किती दिवसांनी तो चेहरा बघत होते.

"म्हंजे मी नळ बंद करत हुतो ते बरोबरच हुतं?"

"बरोबरच होतं मामा."

"लाल औषध न्हवतं म्हणून." त्यांनी मान हलवली, मांडीवर हात पुसले. मग एकदम थांबले. डोळ्यांत काहीतरी वेगळं आलं.

"आता औषध घालताय का?"

"तसंच दुसरं घालतो. मँगनीजच."

"टाकीवर कोन हाय?"

"पाळीनं कोणीही असतं. लिहून ठेवलंय सगळं."

"नळ कवा बंद करत्यात?"

"अठराव्या तासाला."

"रोजच अठराव्या?"

"हो. घड्याळ लावून."

मामांनी चामड्याची वाटी बोटांत फिरवली. मग त्यांनी विचारलं, "दाणा भरतोय?"

"भरतो."

"तितकाच भरतोय?"

ब्याऐंशी. आकडा माझ्या तोंडात होता. नुसता आकडा सांगायचा होता. तुमच्या वेळी शहाण्णव भरायचा मामा, आम्हाला ब्याऐंशीच्या पुढे जाता येत नाही, आणि का ते मला कळत नाही. एवढं बोलले असते तर तो माणूस दुसऱ्या दिवशी शिरोळला गेला असता. पण मग शिरोळचा माल आमच्यापेक्षा चांगला निघाला असता. माझ्या पुस्तिकेच्या शेवटच्या ओळीचं काय झालं असतं. आणि सगळ्यात खरं म्हणजे, विद्यापीठात पहिली आलेल्या मला, चौथी शिकलेल्या माणसाला हे तोंडानं सांगावं लागलं असतं.

"तितकाच," मी म्हणाले.

मामांनी मान डोलावली. स्टोव्हचा पंप उचलला, त्यात वाटी बसवली, दट्ट्या दोनदा आत-बाहेर करून बघितला.

"मग औषधच हुतं म्हणायचं," ते म्हणाले. "हाताचं काय न्हवतं. आमी उगं आपलं." मला अवघडल्यासारखं झालं असावं असं त्यांना वाटलं, कारण ते हसले. "बरं झालं सांगितलासा मॅडम. डोक्यातनं गेलं. न्हाईतर मरस्तोवर वाटत ऱ्हायलं असतं."

इंदुबाई चहा घेऊन आल्या. कप माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडे बघितलं नाही.

"उद्या त्यो शिरोळवाला आला तर न्हाई म्हणून सांग," मामा त्यांना म्हणाले. "हातात काय नसताना कशाला जायाचं तितं."

मी चहा प्याले, नमस्कार करून निघाले. मामा रस्त्यापर्यंत सोडायला आले.

त्या कारखान्यात मी पुढे सात वर्षं होते. एखाददुसरी बॅच सोडली तर ब्याऐंशीच्या वर आम्हाला कधी टिकता आलं नाही. शंभरात चौदा दाणे कमी. तेवढा मारुतीमामांचा हात होता, आणि तो गेलेला नाही हे सांगायला म्हणून मी त्यांच्या अंगणात गेले होते.